म्हातारपणाची काठी कुणाच्या नावावर?

मागच्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्रावर पंचावन्न वर्षांच्या एक बाई आल्या. नवरा रिक्षा चालवायचा, वर्षापूर्वी वारला. मारहाणीची तक्रार नव्हती, मुलाने घराबाहेर काढले होते असेही नाही. त्यामुळे आमच्या नोंदवहीतल्या कोणत्याच रकान्यात त्या बसेनात. त्यांनी पिशवीतले कागद टेबलावर मांडले. रेशन कार्ड, नवऱ्याच्या नावाचे पासबुक, दिराच्या दुकानाच्या कर्जाला जामीन राहिल्याचा कागद, आणि एका कपड्याच्या कारखान्यातल्या पगाराच्या चिठ्ठ्या, दोऱ्याने बांधून जपलेल्या. "ताई, तेरा वर्षं माझा फंड कापला. पेन्शन कधी सुरू होईल तेवढं बघून द्या."

पेन्शन सुरू होणार नव्हती. हे त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "मग मी तेरा वर्षं भरले ते गेले कुठं?" ह्या अंकाचे संपादकीय त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहिते आहे.

कारखान्यातल्या कामगारांसाठी १९९५ सालची कर्मचारी पेन्शन योजना आहे. मालकाच्या हिश्शातले पगाराच्या ८.३३ टक्के त्या योजनेत जातात. दहा वर्षांची नोकरी भरली की ५८व्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन मिळते. ही दहा वर्षे एकाच ठिकाणची असावी लागत नाहीत. मधे खंड पडला तरी चालतो, फक्त नोकरी सोडताना पेन्शनची रक्कम काढून न घेता स्कीम सर्टिफिकेट घ्यावे लागते, म्हणजे आधीची वर्षे पुढच्या नोकरीत जोडली जातात. बाईंनी १९९६ ते २००२ अशी सहा वर्षे काम केले. दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सुटली, सगळे पैसे काढले, ते दिराच्या दुकानात गेले. २००६ ते २०१३ पुन्हा सात वर्षे काम केले. सासूला अर्धांगवायू झाला, नोकरी सुटली, पुन्हा पैसे काढले, ते मुलाच्या डिप्लोमाच्या फीला गेले. सहा आणि सात मिळून तेरा होतात, पण दोन्ही वेळा पेन्शनची रक्कम काढून घेतल्यामुळे योजनेच्या लेखी त्यांची बेरीज शून्य झाली. स्कीम सर्टिफिकेट नावाचा कागद असतो हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. फॉर्म नवऱ्याने आणला, त्यांनी सही केली.

जोडली गेली असती तर किती मिळाले असते? त्या योजनेत सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. पगार साडेसहा हजार धरला तर महिना सुमारे बाराशे रुपये होतात. रक्कम मोठी नाही हे मलाही कळते. पण बाईंचा हिशेब वेगळा होता. "औषधाचे तरी सुनेकडं मागावे लागले नसते," त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, ह्या बाईंनी आयुष्यात एकही पैसा उडवला नाही. निवृत्तीसाठी पैसे कसे साठवावेत, कर कसा वाचवावा ह्याबद्दल वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत जे लेख येतात ते बचत न करणाऱ्या माणसाला बचतीची शिस्त शिकवतात. त्या लेखांमधला माणूस पंचविसाव्या वर्षी नोकरीला लागतो, साठाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि मधे त्याचा पगार वाढतच जातो. त्याचे मूल आजारी पडले तर रजा दुसरेच कुणी काढते. आपल्याकडच्या बाईची नोकरी अशी सरळ जात नाही. लग्न, बदली, बाळंतपण, मुलाची दहावी, सासऱ्यांचे आजारपण, ह्या प्रत्येक वळणावर नोकरी सोडायची कुणी हा प्रश्न घरात विचारलाच जात नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले असते.

कायद्यानेही ते गृहीत धरले होते. प्रॉव्हिडंट फंडाच्या १९५२ सालच्या योजनेत नोकरी सोडल्यावर पैसे काढण्यासाठी दोन महिने थांबण्याची अट होती. लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या स्त्रीला मात्र ती अट माफ होती. वरवर ही सवलत दिसते. पण तिचा अर्थ असा की मुलीच्या कमाईचा फंड म्हातारपणासाठी असतो असे योजना लिहिणाऱ्यांनाही वाटले नव्हते, तो लग्नाच्या खर्चासाठी असतो असेच वाटले होते.

घरातल्या कामाचा हिशेब आता सरकारच्याच कागदावर आहे. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात असे आढळले. घरकाम करणारे पुरुष त्यात घालवतात ८८ मिनिटे. हे पावणेपाच तास कोणत्याही फंडात जमा होत नाहीत. अपघातात गृहिणी मेली तर नुकसानभरपाईसाठी तिच्या कामाची किंमत न्यायालय ठरवते. २०१० आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच खटल्यांत घरकामाला मोल आहे असे स्पष्ट सांगितले. २०१० च्या निकालात तर, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीने काम न करणाऱ्यांत धरले जाते, ह्यावर कठोर टीका आहे. म्हणजे तीच बाई मेली तर तिच्या श्रमाला आकडा मिळतो, आणि जगली, म्हातारी झाली, तर मिळत नाही. जर्मनीत १९८६ पासून मूल वाढवण्याची वर्षे आईच्या पेन्शनच्या हिशेबात धरतात. १९९२ आणि त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षे. आपल्या मागण्यांच्या यादीत ही मागणी अजून आलेली नाही, ती यायला हवी.

आता कराकडे वळू. "कराचं आमचे हे बघतात," हे वाक्य मी शिक्षिकांकडून ऐकले आहे, परिचारिकांकडून ऐकले आहे आणि बँकेत काम करणाऱ्या मैत्रिणीकडूनही ऐकले आहे. २०११-१२ ह्या वर्षापर्यंत स्त्रियांना करमाफीची मर्यादा पुरुषांपेक्षा थोडी जास्त होती. २०१२-१३ पासून ती सारखी झाली. सवलत गेली ह्याचे मला फार दुःख नाही, पण त्या मर्यादेमुळे अनेक घरांत बाईच्या नावाने खाते उघडले गेले, तिच्या नावाने विवरणपत्र भरले गेले. ते खाते तिचे होते का, हा प्रश्न निराळा.

कायद्याची गंमत पाहा. नवऱ्याने आपल्या कमाईतून बायकोच्या नावावर ठेव ठेवली तर त्या ठेवीचे व्याज करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. ह्यामुळे कित्येक बायकांना वाटते की ठेवही नवऱ्याचीच. तसे नाही. कर कुणी भरायचा एवढाच तो नियम आहे. दिलेली ठेव तिची असते आणि मोडायची की नाही हे ठरवण्याचा हक्कही तिचाच असतो. नवऱ्याने सही मागितली की मोडलीच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही.

शेजारच्या गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांच्या सामाईक मालकीची होते, अर्धी अर्धी. प्राप्तिकराचा कायदाही हे मानतो. पगार ज्याचा त्याचा, पण घरभाडे, व्यवसाय ह्यांसारखे उत्पन्न दोघांत निम्मे वाटून प्रत्येकाचा कर आकारला जातो. गोव्यातल्या बायका म्हणून सुखी आहेत असा माझा दावा नाही, तिथेही सह्या घेतल्या जातात. मुद्दा असा की "बायकोचा अर्धा वाटा हिशेबात आणणे शक्यच नाही" असे कुणी म्हणाले तर आंबोलीचा घाट उतरून पलीकडे जाऊन बघावे. मद्रास उच्च न्यायालयानेही २०२३ साली, बायकोच्या घरकामामुळेच नवऱ्याला कमावता आले म्हणून त्या मिळकतीत तिचा निम्मा वाटा मान्य केला. आपल्या महाराष्ट्रात मात्र संसारात जमवलेल्या मालमत्तेत बायकोचा वाटा घटस्फोटाच्या वेळीही हक्काने मिळत नाही. पोटगी मागावी लागते.

२०२५-२६ पासून नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर बहुतेकांना कर पडत नाही. नोकरी करणाऱ्या मैत्रिणी ह्यावर खूश आहेत. पण त्या रचनेत पीपीएफ किंवा विम्याच्या हप्त्याची वजावट नाही. आजवर मार्च महिना आला की कर वाचवण्यासाठी का होईना, बाईच्या नावावर काहीतरी पडत होते. ते निमित्त आता गेले. हातात आलेला जास्तीचा पगार घराच्या हप्त्यात जाईल, आणि घर कुणाच्या नावावर आहे ते प्रत्येकीने आपापले पाहावे. स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. निदान त्या सुटीच्या मोहाने तरी कागदावर नाव येऊ द्या.

कमावत्या बायकांचे हे झाले. ज्यांच्याकडे नोकरी नाही, पण माहेरी जमीन किंवा घर आहे, त्यांचे काय? महाराष्ट्राने १९९४ साली कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. देशभर तो २००५ साली आला. तरीही वडिलांच्या तेराव्यानंतर हक्कसोड पत्र पुढे येते आणि बहिणी सह्या करतात. साडीचोळी होते, माहेरचे दार उघडे राहते. ते दार उघडे राहावे ही इच्छा मी हसण्यावारी नेत नाही, अडीअडचणीला तेच एक दार असते. पण सही करण्यापूर्वी आपण काय सोडतो आहोत ह्याची किंमत तरी काढा. पुष्कळ बायकांच्या बाबतीत, आयुष्यभरात कधी हाती येऊ शकेल अशी तेवढी एकच रक्कम असते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन करून दिली होती. ते महाराष्ट्रातच घडले, हे आपण विसरतो आहोत.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, हे सगळे ठेवी असणाऱ्यांचे प्रश्न आहेत, रोजचे भागत नाही तिने म्हातारपणाचे काय नियोजन करायचे? प्रश्न बरोबर आहे. बचत गटांनी बाईच्या हातात पैसा खेळवला, पण गटातली बचत औषध, फी, लग्न ह्यांत फिरते, म्हातारपणापर्यंत ती उरत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या कुणालाही जाता येते. साठीनंतर महिना पाच हजार हवे असतील तर अठराव्या वर्षी हप्ता २१० रुपये, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये आहे. तीस वर्षांनी पाच हजारांना आजची किंमत राहणार नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि घरकामाला जाणाऱ्या बाईला ५७७ रुपये महिन्याच्या महिन्याला, तीस वर्षे, न चुकता भरायला सांगणे सोपे नाही हेही खरे. ज्यांना शक्य आहे त्यांनी भरावे, पण एवढ्याने शासनाची जबाबदारी संपत नाही.

शासनाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगते. २०२४ साली सुरू झालेली लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी आखली गेली. म्हणजे हातपाय चालतात तोवर बहीण लाडकी, आणि पासष्टी उलटली की यादीतून नाव कमी. पुढे निराधार वृद्धांसाठी योजना आहे, तिचे नाव श्रावणबाळ. आईबापांना कावडीत घेऊन जाणाऱ्या मुलाचे नाव! ज्या म्हाताऱ्या बाईला मुलगा पाहत नाही तिला मदत देतानाही आपल्याला मुलगाच आठवतो. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी, हे आपल्या बोलण्यात इतके मुरले आहे की ती काठी बाईच्या स्वतःच्या नावावर असू शकते हे सुचतच नाही. मुलींच्या गर्भपातांविरुद्ध आपण इतकी वर्षे बोलत आलो. मुलगा हवाच ह्या हट्टाच्या मुळाशी ही काठी आहे. बाईला तिच्या हक्काची पेन्शन मिळणे हा त्या लढाईचाही भाग आहे.

अंगणवाडी सेविकांनी हे आपल्या आधी ओळखले. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा मानधनवाढीबरोबर पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ह्या मागण्या होत्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालीच दिला होता. "मानधन" ह्या शब्दाआड वेतन, फंड, निवृत्ती सगळे कसे लपते ते त्यांच्याइतके कुणी भोगले नसेल.

आणि इथे मला स्वतःच्या घराकडे यावे लागते. आपल्या गटातही मानधनच आहे. समाजकार्याची पदवी घेऊन मी पहिली नोकरी केली तिथे माझा फंड कापला जात होता. चार वर्षांनी नोकरी सोडून चळवळीत आले तेव्हा मी तो काढला, पेन्शनसकट, आणि घराच्या डिपॉझिटला दिला. पगाराचा विचार करणे तेव्हा मला कमीपणाचे वाटले होते. सल्ला केंद्रात बाईंना स्कीम सर्टिफिकेट समजावत असताना हे आठवून मला लाज वाटली. आपल्या ज्येष्ठ पूर्णवेळ कार्यकर्त्यांपैकी काहीजणी आज साठीच्या पुढे आहेत. एकीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपण वर्गणी काढली. ती सगळ्यांनी प्रेमाने दिली, पण ती वर्गणी होती, तिचा हक्क नव्हता. हजारो बायकांना पोटगी मिळवून देणाऱ्या बाईला म्हातारपणी आपल्या दयेवर ठेवणे आपल्याला शोभते का?

वीसपेक्षा कमी माणसे असली की फंडाचा कायदा लागू होत नाही असे म्हणून लहान संस्था सुटका करून घेतात. पण स्वेच्छेने तो लागू करून घेता येतो. देणगीदार प्रकल्पाला पैसे देतात, कार्यकर्तीच्या निवृत्तीला देत नाहीत, हेही कारण आपण बरीच वर्षे सांगत आलो. येत्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. पुढच्या प्रत्येक अंदाजपत्रकात फंडाची ओळ असावी, आणि ती मान्य नसेल तर तो प्रकल्प घेऊ नये, असा माझा प्रस्ताव आहे. ज्यांना हे परवडणार नाही असे वाटते त्यांनी सभेला जरूर यावे. भांडू, पण बोलू.

सभा होईपर्यंत प्रत्येकीला करता येण्याजोगे एक काम आहे. ह्या रविवारी घरातले कपाट उघडा आणि सगळे कागद जमिनीवर मांडा. कोणता कागद कुणाच्या नावावर आहे ते वहीत लिहा. आपण कुठे कुठे जामीन आहोत, कुठे भागीदार आहोत, ते वाचा. फंडाचा यूएएन नंबर स्वतःच्या मोबाईलशी जोडलेला आहे का ते बघा, कित्येकींचा तो नवऱ्याच्या मोबाईलला असतो. लग्नाआधी लावलेला नॉमिनी लग्नानंतर नव्याने लावावा लागतो, माझाही राहिला होता. बँकेच्या ठेवीवर नॉमिनी असणे म्हणजे मालक असणे नव्हे, पैसे शेवटी वारसांचे, म्हणून मृत्युपत्र करा. नवऱ्याने आयुर्विमा घेतला असेल तर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली तो घेतला आहे का ते विचारा. तसा घेतलेला विमा बायकोमुलांचाच राहतो, नवऱ्याच्या सावकाराला त्याला हात लावता येत नाही. आणि राहते घर मुलाच्या नावावर करण्याची घाई करू नका. करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. अट लिहिलेली असेल तर, मुलाने ती मोडल्यावर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते.

त्या बाई परवा पुन्हा आल्या. त्यांच्यासाठी नवीन काही घडलेले नव्हते. पंचावन्नाव्या वर्षी अटल पेन्शनचे दार बंद असते, आणि दिराच्या कर्जाच्या कागदाचे काम आम्ही वकीलताईंकडे दिले आहे, त्याला वेळ लागेल. ह्या वेळी सोबत त्यांची सून होती, चोवीस वर्षांची, सातवा महिना. एका मॉलमध्ये तीन वर्षे काम करते, बाळंतपणानंतर सोडायचे घरात ठरते आहे. फंड काढायचा फॉर्म मुलाने मोबाईलवर भरून ठेवला होता, फक्त ओटीपी टाकायचा राहिला होता. बाई म्हणाल्या, "हिला ते सर्टिफिकेटचं सांगा. नोकरी सोडायची का नाही ते हिचं ही बघंल. पण काढू देऊ नका."

आम्ही तिला आधी २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेचे सांगितले, ते तिला ठाऊकच नव्हते. मग फंडाचे सांगितले. ओटीपी तिने टाकलेला नाही. नोकरीचे ती अजून ठरवते आहे.

तुमच्या कपाटात काय सापडले ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात काही पाने त्यासाठी ठेवली आहेत. नावे छापणार नाही.